ट्रॅव्हलरवर सोलर बसवायचंय: वायर किती स्क्वेअरची, फ्यूज किती अँपिअरचा?

सातपुडा_भटक्या (भुसावळ)
मंडळी, टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर करायचं काम सुरू आहे. फर्निचर ठरलं, वायरिंगवर गाडी अडली आहे. सामान असं:

छतावर २०० वॉटची २ पॅनेल (प्रत्येकी साधारण २० व्होल्ट, १० अँपिअर, ओपन सर्किटला २४ व्होल्ट). १००/३० चा (१०० व्होल्ट, ३० अँपिअर) एमपीपीटी, म्हणजे सोलर चार्ज कंट्रोलर. १२.८ व्होल्ट २०० एएच लिथियम फॉस्फेट बॅटरी, तिच्यातला बीएमएस (सेल सांभाळणारं सर्किट) १५० अँपिअरचा. १००० वॉटचा प्युअर साइन इन्व्हर्टर. १२ व्होल्टवर चालणारा कॉम्प्रेसर फ्रीज, बीएलडीसी पंखा, पाण्याचा छोटा पंप, एलईडी, मोबाइल चार्जिंग.

अंतरं: पॅनेल ते कंट्रोलर ६ मीटर, कंट्रोलर ते बॅटरी १ मीटर, बॅटरी ते इन्व्हर्टर दीड मीटर, बॅटरी ते फ्यूज बॉक्स २ मीटर, तिथून फ्रीज ५ मीटर.

घरगुती वायरिंग करणाऱ्या एकाने सुचवलंय की इन्व्हर्टरला ६ स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर) वायर आणि ३२ अँपिअरचा एमसीबी पुरे. मला शंका आहे. जाणकारांनी सविस्तर सांगावं, मे महिन्यातलं आपल्याकडचं ऊन धरून.

वायरमन_नाना (जळगाव)
शंका बरोबर आहे. त्यांचा हिशोब २३० व्होल्टचा आहे. १००० वॉट २३० व्होल्टला सुमारे ४.३५ अँपिअर होतात. तेच १२ व्होल्टला, इन्व्हर्टरचा लॉस धरून, १००० ÷ (१२ × ०.८८) म्हणजे जवळपास ९५ अँपिअर. इथूनच सगळं बदलतं.

सूत्र लिहून ठेवा: व्होल्टेज ड्रॉप = २ × लांबी × अँपिअर × ०.०१७५ ÷ स्क्वेअर एमएम. लांबी एका बाजूची, मीटरमध्ये. २ ने गुणायचं कारण करंट जातो तसा परतही येतो.

६ स्क्वेअर घातलं तर २ × १.५ × ९५ × ०.०१७५ ÷ ६ = ०.८३ व्होल्ट. ०.८३ × ९५ म्हणजे सुमारे ७९ वॉट, आणि ते फक्त दीड मीटर वायरीत उष्णता म्हणून. प्लायवूडच्या मागे, बंद कप्प्यात. इन्सुलेशन मऊ पडून वितळणारच. ३५ स्क्वेअरला तोच ड्रॉप ०.१४ व्होल्ट.

आणि एमसीबी मुळीच नको. घरातला एमसीबी एसीचा असतो. एसीत करंट सेकंदाला १०० वेळा शून्यावर येतो, तिथे ठिणगी विझते. डीसीत शून्य येतच नाही, कॉन्टॅक्ट उघडला तरी आर्क पेटत राहू शकतो.

गिरणाकाठ
नाना, बॅटरीत बीएमएस आहे. शॉर्ट झालं तर तोच बंद करील. मग फ्यूजवर एवढा खर्च कशाला?

अनघा_धुळे
गिरणाकाठ, बीएमएसमध्ये करंट तोडायचं काम मॉसफेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) करतात. मॉसफेट जळतो तेव्हा बहुतेक वेळा शॉर्ट होऊनच बसतो, म्हणजे रस्ता उघडाच राहतो. बीएमएस आहे सेल सांभाळायला: ओव्हरचार्ज, डीप डिस्चार्ज, तापमान. वायर सांभाळायला फ्यूज.

इथे एक गोष्ट पक्की करून घ्या, कारण अर्धे गोंधळ तिथेच होतात. फ्यूज उपकरणासाठी नसतो, वायरीसाठी असतो. त्यामुळे क्रम असा: आधी लोड किती अँपिअर ते काढा, मग अंतर आणि उष्णता पाहून वायर ठरवा. लोडच्या सव्वापट फ्यूज घ्या. शेवटी तो फ्यूज वायरीच्या क्षमतेच्या आत बसतो का ते पाहा. बसत नसेल तर वायर जाड करा. फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा फ्यूज घालणं हा उपाय नव्हे.

केळीबाग_रावेर
अन् फ्यूज कुठे लावायचा? इन्व्हर्टरपाशी लावला तर चालतो का? बदलायला सोपा पडतो.

वायरमन_नाना (जळगाव)
नाही भाऊ. बॅटरीच्या प्लसपासून १५-२० सेंटिमीटरच्या आत. बॅटरी ते फ्यूज एवढा तुकडा बिनसंरक्षणाचा राहतो, तो जितका छोटा तितकं बरं. फ्यूज इन्व्हर्टरपाशी असेल आणि मधल्या वायरीला पत्र्याची धार लागली किंवा उंदराने कुरतडली, तर फ्यूजला त्याचा पत्ताही लागणार नाही. शेतात, खळ्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीत उंदीर येतातच.

तापी_ते_नर्मदा
३५ स्क्वेअरबद्दल माझं मत वेगळं आहे. नुसता ड्रॉप पाहून चालणार नाही, खानदेशात तर नाहीच. वायरींच्या क्षमतेचे बरेच तक्ते ३० अंशावर दिलेले असतात. जळगाव-भुसावळला मे महिन्यात बाहेरच ४५ अंश जातात, उन्हात उभ्या गाडीच्या कप्प्यात ५० सहज, छताच्या पत्र्याला लागून ६० धरा.

७० अंश सोसणाऱ्या साध्या पीव्हीसी वायरीच्या क्षमतेला ५० अंशाला ०.७१ ने आणि ६० अंशाला ०.५० ने गुणावं लागतं. ३५ स्क्वेअर पीव्हीसी भिंतीला क्लिप केलेली असेल तर ३० अंशाला साधारण १३८ अँपिअर. ५० अंशाला राहिले ९८. आता ९५ च्या सव्वापट ११९, म्हणजे १२५ चा फ्यूज. ९८ अँपिअरच्या वायरीवर १२५ चा फ्यूज: अनघाताईंचाच नियम मोडला. ५० स्क्वेअर पीव्हीसीसुद्धा ५० अंशाला ११९ वर येते, तीही काठावरच.

वायरमन_नाना (जळगाव)
मान्य, आणि मुद्दा महत्त्वाचा आहे. उत्तर इन्सुलेशनमध्ये आहे. ९० अंशाच्या इन्सुलेशनची ३५ स्क्वेअर ३० अंशाला साधारण १७१ अँपिअर घेते, ५० अंशाचा गुणक ०.८२, म्हणजे १४०. त्यावर १२५ चा फ्यूज व्यवस्थित बसतो. तेव्हा ३५ स्क्वेअरच, पण ९० अंशाची, बारीक तारांची लवचिक. कॉइलवर तापमान छापलेलं असतं ते वाचून घ्या. छापलेलं नसेल तर ७० धरा.

गिरणाकाठ
वेल्डिंग केबल चालेल का? एमआयडीसीजवळच्या दुकानांत सहज मिळते.

तापी_ते_नर्मदा
तांब्याची असेल तर चालते, लवचिक असते, कप्प्यात वळवायला सोपी. दोन गोष्टी बघा. एक, वेल्डिंग केबल ॲल्युमिनियमचीही मिळते. दोन, कार ऑडिओची म्हणून जी चकचकीत पारदर्शक लाल केबल विकतात ती बऱ्याचदा सीसीए असते, म्हणजे ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. तिचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त.

ओळखायची रीत: एक तार सुटी काढा, ब्लेडने खरवडा. वरून तांबूस आणि खाली पांढरी निघाली तर सीसीए. उलट वरून पांढरी आणि खाली तांबूस असेल तर ते कल्हई केलेलं तांबं, उत्तम माल. दुकानात काउंटरवरच करून पाहा, लाजू नका.

केळीबाग_रावेर
आमच्याकडे सबमर्सिबलची चपटी केबल घरोघर पडलेली असते. ४ स्क्वेअर, तांब्याची. ती वापरली तर?

अनघा_धुळे
फ्रीजला गाडीच्या आतून चालेल दादा, फक्त ती पीव्हीसी आहे हे लक्षात ठेवून. छतावर नको. पॅनेलसाठी ४ स्क्वेअरची सोलर डीसी केबलच घ्या, तिचं इन्सुलेशन ऊन आणि ९० अंश सोसणारं असतं. कुसुम योजनेच्या सौर पंपांमुळे ती केबल आणि एमसी-४ कनेक्टर आता तालुक्याच्या गावीही मिळतात. नर-मादी दोन्ही कनेक्टर एकाच कंपनीचे घ्या. वेगवेगळ्या कंपन्यांचे एकमेकांत बसतात, पण आतली पकड सारखी नसते, तिथेच तापून वितळतात.

भरीत_आणि_पुरी
१००० वॉटच्या इन्व्हर्टरवर इंडक्शन चालेल का हो?

वायरमन_नाना (जळगाव)
चालेल, ८०० वॉटच्या खाली ठेवून आणि बॅटरीची शिल्लक बघून. भरीत करायचं असेल तर वांगी कपाशीच्या काड्यांवरच भाजा, चव तिथेच आहे.

सातपुडा_भटक्या (भुसावळ)
खूप उपयोगी माहिती. आता पॅनेल सिरीज की पॅरलल? छतावर व्हेंटिलेटरची सावली एका पॅनेलवर थोडा वेळ पडते.

भरीत_आणि_पुरी
सावली असेल तर पॅरलल. सगळे तेच सांगतात.

तापी_ते_नर्मदा
सगळे सांगतात ते थंड प्रदेशात ठीक. आकडे बघा.

पॅरलल: २० व्होल्ट, २० अँपिअर. ६ मीटर, ४ स्क्वेअर: ड्रॉप १.०५ व्होल्ट, म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त. सिरीज: ४० व्होल्ट, १० अँपिअर. ड्रॉप ०.५३ व्होल्ट, म्हणजे सव्वा टक्का. वायर तीच, नुकसान चौथाई.

आता ऊन. मे महिन्यात दुपारी पॅनेलचे सेल ७० अंशाला जातात. व्होल्टेज अंशामागे साधारण ०.३५ टक्के उतरतं, २५ वरून ७० म्हणजे ४५ अंश, जवळपास १६ टक्के. २० चे झाले १६.८ व्होल्ट. त्यातून वायरीचा एक व्होल्ट गेला, उरले १५.८. बॅटरी भरत आली की तिला १४.२ ते १४.४ लागतात. मार्जिन दीड व्होल्टाचं. सिरीजमध्ये तेच ३३ व्होल्ट येतात, चिंता नाही.

सावलीचं म्हणाल तर पॅनेलमध्ये बायपास डायोड असतात. एका पॅनेलवर सावली आली तरी दुसरं चालू राहतं. सकाळ-संध्याकाळच्या अर्धवट सावलीत पॅरलल थोडं पुढे राहील, हे खरं. पण आपल्याकडे मोठं नुकसान उष्णतेचं आहे.

अनघा_धुळे
सिरीजला माझंही मत. थंडीचा हिशोबही करून टाकते, कारण हा माणूस डिसेंबरात तोरणमाळला जाणारच. थंडीत व्होल्टेज वाढतं. ५ अंशाला २४ चे साधारण साडेपंचवीस होतील, दोन मिळून ५१. कंट्रोलरची मर्यादा १००, निर्धास्त राहा.

दोन पॅनेलना प्रत्येकी फ्यूज लागत नाही, सिरीजमध्येही नाही आणि दोनच पॅरलल असतील तरी नाही. तीन किंवा जास्त पॅरलल झाली की लागतो, कारण एक बिघडलं तर बाकीच्यांचा करंट त्यात घुसतो. मात्र पॅनेल आणि कंट्रोलरमध्ये डीसी आयसोलेटर (लाइन तोडायचा स्विच) हवाच. आणि इथे गाडीचा चपटा ब्लेड फ्यूज लावू नका. तो ३२ व्होल्टचा असतो, तुमची लाइन ५० ची आहे.

केळीबाग_रावेर
हाई बठ्ठं खरं शे, पन फ्यूजना प्रकार कोनता ते कोनी सांगं नही!

वायरमन_नाना (जळगाव)
सांगतो. व्होल्टेजशिवाय फ्यूजचे आणखी दोन आकडे बघायचे. न उडता किती अँपिअर वाहून नेतो हा एक. दुसरा आकडा लोक बघत नाहीत: शॉर्टच्या वेळी किती करंट तो सुरक्षितपणे तोडू शकतो. लिथियम फॉस्फेट बॅटरीचा अंतर्गत रेझिस्टन्स फार कमी, शॉर्टला हजारो अँपिअर येतात. ब्लेड फ्यूजची तोडायची क्षमता साधारण १००० अँपिअर, एएनएलची ६०००, क्लास-टीची २०,०००. क्षमता कमी पडली की फ्यूज उडतो खरा, पण आत आर्क चालू राहतो किंवा फ्यूज फुटतो.

म्हणून बॅटरीच्या प्लसवर क्लास-टी. महाग आहे, पण एकच लागतो. त्याच्या पुढे बसबार (अनेक वायरी जोडायची धातूची पट्टी), बसबारवरून इन्व्हर्टरला एएनएल, फ्यूज बॉक्स आणि कंट्रोलरला मिडी (बोल्टने बसणारा छोटा फ्यूज), आणि बॉक्समध्ये ब्लेड.

ब्लेडचे रंग ठरलेले आहेत: ५ फिका तपकिरी, ७.५ गडद तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. स्वस्तातली मिक्स पाकिटं घेऊ नका. काहींची पट्टी छापील आकड्याच्या दुपटीलाही उडत नाही.

तापी_ते_नर्मदा
लगवर (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं, बोल्टच्या भोकाचं टोक) कोणी बोललं नाही. आग बहुतेक वेळा वायरीच्या मध्यात नाही, टोकाला लागते.

जोडात नुसता ५ मिलिओमचा रेझिस्टन्स राहिला तर ९५ × ९५ × ०.००५ = ४५ वॉट. एका बोल्टवर ४५ वॉट! मग दिसतं काय, तर फ्यूज शाबूत आणि होल्डर वितळलेला. फ्यूजच्या दृष्टीने काहीच चुकलेलं नसतं, करंट मर्यादेतच असतो.

म्हणून: कल्हईचे तांब्याचे लग, ३५ स्क्वेअरला ३५ चाच, भोक ८ एमएम बोल्टचं. इन्सुलेशन लगच्या नळीच्या खोलीएवढंच सोला, एकही तार कापू नका. हायड्रॉलिक क्रिंपरने षटकोनी दाब द्या. पक्कड किंवा हातोडी नको. दाबल्यावर लग शिकंज्यात धरून वायर जोरात ओढा, हलता कामा नये. वर गोंदवाली हीटश्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी). डाग (सोल्डर) देऊ नका: कथील तारांत वर चढतं, तिथे वायर कडक होते आणि गाडीच्या हादऱ्यांनी नेमकी त्या कडेला तुटते.

बसवताना लग थेट टर्मिनलच्या पृष्ठभागावर, वॉशर त्याच्या वर. लगच्या खाली स्टीलचा वॉशर गेला की सगळा करंट त्या वॉशरमधून जातो. एका टर्मिनलवर अनेक लग असतील तर सर्वांत जास्त करंटचा सगळ्यात खाली. कन्नडचा घाट किंवा चांदसैलीसारखा रस्ता करून आलात की बोल्ट एकदा पान्याने तपासा, आणि इन्व्हर्टर दहा मिनिटं पूर्ण लोडवर चालवून प्रत्येक जोडावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. शेजारच्यापेक्षा जो जोड १०-१५ अंश जास्त तापला, तो उघडायचा.

गिरणाकाठ
मायनस चेसिसला दिला तर अर्धी वायर वाचते. गाडीत सगळं तसंच असतं ना?

अनघा_धुळे
कंपनीच्या वायरिंगमध्ये ते जोड कारखान्यात तयार केलेले असतात. नंतर पत्र्याला मारलेल्या स्क्रूखाली दोन पावसाळ्यांत गंज चढतो, आणि ड्रॉप शोधताना दिवस जातो. प्रत्येक उपकरणाला दोन वायरी न्या. मायनस बसबार ते चेसिस एकच जाड जोड, एकाच ठिकाणी.

सातपुडा_भटक्या (भुसावळ)
आरटीओचं काय? कोणी केलंय का?

वायरमन_नाना (जळगाव)
मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांचे नियम आहेत. आसनं काढणं, बॉडी बदलणं त्यात येतं, आधी कार्यालयात विचारा. त्यावर वेगळा धागा काढा, इथे वायरिंगच राहू दे.

सातपुडा_भटक्या (भुसावळ)
बरं. सगळं वाचून यादी केली आहे, तपासून द्या.

पॅनेल सिरीज, ४ स्क्वेअर सोलर केबल, डीसी आयसोलेटर. कंट्रोलर ते बसबार १० स्क्वेअर, ४० चा मिडी. बॅटरी ते बसबार ५० स्क्वेअर ९० अंश, क्लास-टी १५०. इन्व्हर्टर ३५ स्क्वेअर ९० अंश, एएनएल १२५. फ्यूज बॉक्स १० स्क्वेअर, ४० चा मिडी. फ्रीज २.५ स्क्वेअर, १५ चा ब्लेड. पंप २.५ स्क्वेअर, १०. पंखा आणि दिवे १.५ स्क्वेअर, ५.

तापी_ते_नर्मदा
फ्रीज सोडून सगळं बरोबर. २.५ स्क्वेअर पीव्हीसी २७ अँपिअरची, छताजवळून ६० अंशात गेली तर साडेतेरा. त्यावर १५ चा फ्यूज बसत नाही. शिवाय कॉम्प्रेसर सुरू होताना करंट दुप्पट होतो: १० अँपिअर, ५ मीटर, २.५ स्क्वेअर म्हणजे २ × ५ × १० × ०.०१७५ ÷ २.५ = ०.७ व्होल्ट. बॅटरी अर्धी असताना फ्रीजला लो व्होल्टेज वाटून तो बंद पडतो, आणि माणूस बॅटरीला दोष देतो. ४ स्क्वेअर करा.

मुख्य फ्यूज बरोबर आहे. इन्व्हर्टर ९५, बाकी २०, मिळून ११५, सव्वापट १४४. बीएमएसही १५० चाच. पुढे १५०० वॉटचा इन्व्हर्टर आणायचा मोह झाला तर तो एकटाच १४२ अँपिअर घेईल. तेव्हा नुसता फ्यूज बदलून भागणार नाही, बॅटरीसुद्धा बदलावी लागेल.

अनघा_धुळे
जोडण्याचा क्रमही लिहून ठेवा. एमपीपीटीला आधी बॅटरी, मग पॅनेल. काढताना उलट. त्या वेळी पॅनेलवर गोधडी टाका आणि आयसोलेटर बंद ठेवा. करंट चालू असताना एमसी-४ कधीही उपटू नका.

इन्व्हर्टर पहिल्यांदा जोडताना आतले कपॅसिटर रिकामे असतात, एकदम करंट ओढतात. मोठी ठिणगी उडते, बीएमएसही ट्रिप होतो. आधी २१ वॉटचा इंडिकेटरचा बल्ब मध्ये धरून जोडा. तो क्षणभर पेटून मावळला की कपॅसिटर भरले, मग लग लावा.

एसी बाजूला दीड स्क्वेअर, ६ चा एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच). पण आधी इन्व्हर्टरचं मॅन्युअल वाचा. अनेक इन्व्हर्टरचं आउटपुट फ्लोटिंग असतं, न्यूट्रल कुठेच अर्थ नसतो, तिथे आरसीसीबी नुसता लटकलेला राहतो. न्यूट्रल-अर्थ जोडायची परवानगी मॅन्युअलमध्ये असेल तरच जोडा, नाहीतर काही इन्व्हर्टर त्यानेच जळतात.

सातपुडा_भटक्या (भुसावळ)
ताई, नाना, सगळ्यांचे आभार. शेवटचं एक. सारंगखेड्याच्या यात्रेला चार दिवस गर्दीत, मंडपाच्या सावलीत उभं राहायचं तर पॅनेल पुरणार नाहीत. अल्टरनेटरवरून चार्ज करायला ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर घेतला तर वायर किती? इंजिनापासून ५ मीटर.

वायरमन_नाना (जळगाव)
आउटपुट ३० असला तरी इनपुटला ४० धरा. १६ स्क्वेअर घातली तर ड्रॉप ०.४४ व्होल्ट, चार्जर तेवढं सांभाळून घेतो. ती वायर इंजिनाच्या बाजूने जाते, ६० अंश धरा: पीव्हीसी ८५ ची ४२ वर येते, नको. ९० अंशाची १०७ ची ७६ राहते, ६० चा फ्यूज बसतो.

फ्यूज मात्र दोन: एक गाडीच्या बॅटरीपाशी ६० चा, दुसरा बसबारवर ४० चा. चार्जर तुमच्या बॅटरीजवळ ठेवा, म्हणजे त्याच्यापुढचा तुकडा छोटा राहील, तो १० स्क्वेअरचा. दोन्ही टोकांना बॅटरी आहे, करंट कुठूनही येऊ शकतो, म्हणून एका फ्यूजवर भागत नाही. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) भोकात रबरी ग्रोमेट (कडेला बसणारी रिंग) घाला, वायर नालीदार पाइपातून न्या, हातभर अंतराला क्लिप मारा, आणि सायलेन्सर व डिझेलच्या पाइपापासून लांब ठेवा. गाडी बीएस-६ असेल तर चार्जरला इग्निशनची सिग्नल वायरही लागेल, तिला बॅटरीपाशी वेगळा ५ चा फ्यूज.

केळीबाग_रावेर
नाना, ग्रोमेट भुसावळले नही भेटनं तर रावेरहून धाडी देस.